सपाटरावांचा रिकामा खिळा

कारखान्याच्या मागच्या भिंतीवर, पाण्याच्या पिंपाच्या वर, सात खिळे ठोकलेले होते. त्या भिंतीला सगळे चुकांची भिंत म्हणत. नियम सोपा होता. ज्याच्या चुकीनं पत्रा वाया गेला, त्यानं तो फुकट गेलेला तुकडा स्वतःच्या हातानं स्वतःच्या खिळ्यावर टांगायचा, वर खडूनं तारीख घालायची आणि त्या दिवशीचा चहा सगळ्यांना पाजायचा. रडायचं नाही आणि कारणं सांगायची नाहीत.

बेंडिंग मशीनवर पत्रे वाकवणारा वाकडोजी. त्याच्या खिळ्यावर इतका ऐवज जमला होता की खिळा दोनदा उपटून आला आणि शेवटी तिथं जाडजूड हूक बसवावा लागला. लेसर मशीन चालवणाऱ्या बाईंचे तीनच तुकडे होते, आणि तिन्ही वेळा वीज गेली होती असं त्या अजून शपथेवर सांगत. खुद्द मालकांच्या खिळ्यावर काडेपेटीएवढं एक कपाटाचं दार लटकत होतं. त्यांनी एकदा घाईघाईत स्वतःच फाइल पाठवली. मापं होती इंचात, मशीननं ती मिलिमीटर समजून इमानेइतबारे कापली. अख्ख्या कपाटाचे सगळे भाग एका ओंजळीत मावले. मालकांनी ते दार निमूटपणे टांगलं आणि चहाबरोबर बिस्किटंही आणली.

सातवा खिळा मात्र बावीस वर्षं रिकामा होता. त्याच्याखाली रंगानं लिहिलं होतं, सपाटराव.

हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव आता त्यांच्या बायकोला आठवत असलं तर असेल. त्यांचं कामच सपाट करण्याचं. गिऱ्हाईक कॉम्प्युटरवर तयार केलेलं मॉडेल पाठवायचं. कपाट म्हणा, पेटी म्हणा, यंत्राचं झाकण म्हणा. पडद्यावर ती वस्तू अशी फिरते, अशी चकाकते, की नवरीमुलगी झक मारेल. पण लेसरला वस्तू कळत नाही, त्याला कळतो सपाट पत्रा. मग त्या एका वस्तूचे तीस-चाळीस भाग सुटे करायचे, एकेक भाग उलगडून पसरायचा, वाकताना पत्रा जेवढा ताणला जातो तेवढं माप आधीच कमी धरायचं, आणि कोपऱ्यात बारीक खाच ठेवायची, नाहीतर वाकवताना कोपरा फाटतो. जिथं कापायचं त्या रेषा एका रंगात, जिथं नुसतं वाकवायचं त्या दुसऱ्या रंगात. हा रंग चुकला की कारभार आटोपला! सहाव्या खिळ्यावर पाच पट्ट्या लोंबत होत्या ना, त्या एकेकाळी एक पेटी होणार होत्या. ती फाइल करणाऱ्या गृहस्थांनी वाकायच्या रेषाही कापायच्या रंगात पाठवल्या. ते आता विम्याचं काम करतात, पण खिळा त्यांचा अजून राखून ठेवला आहे.

सपाटराव असले धोके पत्करत नसत. सगळे भाग उलगडले, त्यांना नंबर पडले, डावे किती आणि उजवे किती ते तीनदा मोजून झाले, की ते सगळं लहान आकारात कागदावर छापत. मग कात्रीनं कापत, घड्या घालत आणि चिकटपट्टीनं जोडत. ते कागदी कपाट टेबलावर नीट उभं राहिलं तरच फाइल लेसरवाल्या बाईंकडं जायची.

"अहो, पडद्यावर सगळं दिसतंय की!" वाकडोजी म्हणायचा. "रोज रोज बाहुलीचं घर कशाला मांडता?"

"कॉम्प्युटर तुझ्यासारखाच आहे," सपाटराव म्हणत. "सांगू ते करतो. का, म्हणून विचारत नाही."

घरीही तीच तऱ्हा. साबणाचं खोकं आलं, उलगडा. टूथपेस्टचं आलं, उलगडा. एकदा बायको तापानं फणफणली होती आणि हे तिच्या उशाशी बसून गोळ्यांचं खोकं पसरून दाखवत होते. "बघ, एका कागदात काय काय बसवलंय! कुठं डिंकाचा थेंब नाही." तिनं क्षीण आवाजात विचारलं, "आणि गोळ्या?" गोळ्या कुठं ठेवल्या ते आठवेना. शेवटी त्या यांच्याच सदऱ्याच्या खिशात निघाल्या, तोपर्यंत ताप रागानं उतरला होता. तेव्हापासून सासूबाई राहायला आल्या की आपल्या औषधाची पिशवी उशाखाली घेऊन झोपत.

चूक पकडायची हौसही अशीच दांडगी. आमंत्रणपत्रिकेतला वार आणि तारीख जुळत नाही, हे मांडवात जाऊन सांगणारा माणूस. ही खोड लहानपणापासूनची, आणि तिचा एक किस्सा घरात कायम सांगितला जायचा. सपाटरावांची ताई त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी आणि जन्माची डावखुरी. वडिलांना ते खपत नसे. चारचौघांत डाव्या हातानं खाणारी, डाव्या हातानं वाढणारी पोरगी म्हणजे आईबापाच्या नावाला बट्टा, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी फर्मान काढलं. घास, पेन, पळी, सगळं उजव्या हातात. आणि पहारेकरी नेमला हा सात वर्षांचा चिमुरडा. "बाबा, ताईनं डाव्या हातात चमचा धरला!" अशी आरोळी आली की ताईच्या बोटांवर पट्टी आणि याच्या तळहातावर लिंबाची गोळी. एका सुट्टीत यानं सतरा गोळ्या कमावल्या. सुट्टी संपली तेव्हा ताई उजवी झाली होती. "छोट्याची नजर बघा कशी, तेव्हापासून!" असं म्हणून सगळे हसायचे. सपाटराव हसायचे आणि ताईही हसायची.

ही ताई एकोणीस वर्षं दवाखान्याच्या उपाहारगृहात होती. सूप, चहा, पाव, उकडलेली अंडी. पेशंटपेक्षा पेशंटची माणसं जास्त दमतात हे तिला ठाऊक होतं, म्हणून रडवेल्या चेहऱ्याला तिची पळी जरा खोल जायची. मग एक दिवस उपाहारगृह बंद झालं आणि तिथं बटण दाबलं की कप पडणारी यंत्रं आली. ताई त्रेपन्नाव्या वर्षी घरी बसली. मेव्हणे जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हा घरी बसून भागण्यातलं नव्हतं. तिनं दहा खेटे घातले, पंधरा सह्या गोळा केल्या आणि दवाखान्याच्या फाटकाशी गाडा लावायचा परवाना मिळवला.

परवान्याला अट होती. गाडा स्टीलचा हवा, चाकांचा हवा, आणि एक तारखेला सकाळी आठ वाजता तपासनीस येईल तेव्हा जागेवर हवा. नसला तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाची. "तो पुढचा माणूस रोज येऊन त्या जागेकडं बघून जातो रे," ताई म्हणाली. "काल तर त्यानं पावलांनी मोजलीसुद्धा. छोट्या, तू करशील ना?"

छोट्या एकोणपन्नास वर्षांचा होता आणि त्याचे कान लाल झाले. बावीस वर्षं जगाचे गाडे केले, घरच्यांसाठी साधं झाकण केलं नव्हतं. "करीन म्हणजे काय," ते म्हणाले, "असा करीन की तपासनीस सही करायची विसरेल."

मालकांना विचारलं. मालकांनी डोकं खाजवलं आणि दूध डेअरीच्या कामातून उरलेले सहा पत्रे काढून दिले. फर्स्ट क्लास स्टील, एका अंगानं तलम घासलेलं, वर निळी फिल्म. "अपेंडिक्सच्या वेळी तुमच्या ताईंचं सूप प्यायलोय मी," ते म्हणाले. "न्या. पण एवढेच आहेत हं. पुन्हा मागवायचे तर तीन आठवडे."

ताईनं कॅलेंडरच्या पानाच्या पाठीवर नकाशा काढून दिला. वरून बघितलेला गाडा. उजवीकडं मोठा गोल, ती शेगडी. तिला लागून कपांची जागा आणि कप बाहेर द्यायची काचेतली खिडकी. डावीकडं पावाचा कप्पा. आणि खालच्या कडेला मधोमध एक माणूस, म्हणजे एक गोल डोकं आणि त्यावर आणखी एक छोटा गोल.

"वा!" सपाटराव बायकोला म्हणाले. "ताईनं गिऱ्हाईकसुद्धा काढलंय. टोपीसकट!"

इथं घात झाला. सपाटरावांच्या धंद्यात कागदाची खालची कड म्हणजे समोरची बाजू, आणि समोरची बाजू म्हणजे गिऱ्हाईकाला दिसते ती. बावीस वर्षं हेच. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला जागाच नव्हती. त्यांनी गिऱ्हाईक खाली ठेवलं, ताईला वरच्या बाजूला उभं केलं आणि कामाला लागले.

आणि काय काम केलं म्हणता! एकतीस भाग. काम संपलं की रोज तास-दीड तास थांबून केलेले. ताईचं बोट कापायला नको म्हणून प्रत्येक कड आत दुमडलेली. पाणी साचायला नको म्हणून वरच्या पत्र्याला नजरेला न दिसणारा उतार. सूप सांडलं तर गिऱ्हाईकाच्या अंगावर जाऊ नये म्हणून पुढची कड वर उचललेली आणि मागची खाली वळवलेली. घासलेलं अंग कायम बाहेर. प्रत्येक भागावर लेसरनं कोरलेला बारीक नंबर. मग कागदाचा गाडा झाला, तो एवढा देखणा की बायकोनं तो टीव्हीवर मांडला. पाव मिलिमीटर कुठं इकडंतिकडं नाही. अहो, चूकसुद्धा पाव मिलिमीटरनं चुकली नव्हती!

शुक्रवारी लेसरवाल्या बाईंनी भाग कापले. सहा पत्र्यांवर सपाटरावांनी ते असे दाटीवाटीनं बसवले होते की उरलेल्या जाळीतून हातही गेला नसता. शनिवारी सकाळी वाकडोजीनं ते वाकवले, एकही न बिघडवता, आणि याचा त्याला स्वतःलाच धक्का बसला. दुपारी वेल्डिंग झालं, चाकं लागली, निळी फिल्म सोलली आणि गाडा लखलखीत उभा राहिला. मालकांनी टाळ्या वाजवल्या. एक तारीख सोमवारी होती.

वाकडोजीला उत्साह आला. त्यानं डोक्याला फडकं गुंडाळलं, गाड्यामागं उभा राहिला आणि बायकी आवाज काढून ओरडला, "या हो, गरम सूप!" उजव्या हातात काल्पनिक पळी घेतली आणि शेगडीकडं वळला. शेगडी डावीकडं होती. त्यानं अंगाला पीळ देऊन पळी भरली, तशीच तिरकी खिडकीकडं नेली आणि त्याचं कोपर काचेवर ठणकन आदळलं.

"शेगडी डावीकडं का हो?" लेसरवाल्या बाईंनी विचारलं.

सपाटरावांनी खिशातून कॅलेंडरचं पान काढलं, उलटं धरलं, सुलटं धरलं. मग बाजूला जाऊन ताईला फोन लावला.

"ताई, सहज विचारतो. चित्रात खाली जे डोकं काढलंयस ना, ते कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे? माझं!"

"आणि वरची टोपी?"

"टोपी? अरे, तो माझा अंबाडा आहे! का रे? काही झालं का?"

"छे छे. छान आलाय अंबाडा," सपाटराव म्हणाले आणि फोन बंद करून पत्र्यांच्या ढिगावर मटकन बसले.

मग सुरू झाली उपायांची सरबत्ती. वाकडोजी म्हणाला, गाडाच फिरवा, ताईंना पुढं उभं करा आणि गिऱ्हाईकांना मागून येऊ द्या. म्हणजे गिऱ्हाईकांना पावाचे कप्पे दिसतील आणि ताईंना परवान्याचा फलक. बाई म्हणाल्या, नुसता वरचा पत्रा सोडवून फिरवा. फिरवला असता तर गिऱ्हाईकाच्या अंगावर जाऊ नये म्हणून उचललेली कड ताईच्या पोटाशी आली असती, आणि सूप बरोबर गिऱ्हाईकाच्या पायावर. पालथा घालावा, तर घासलेलं अंग खाली आणि सगळ्या कडा आभाळाकडं. सपाटरावांनी घरून कागदी गाडा मागवून घेतला आणि तो हातात धरून सतरा तऱ्हांनी फिरवला. एकतीस भाग एकमेकांत असे चपखल बसले होते की एकालाही दुसरीकडं जायची सोय नव्हती. नवीन कापायचं तर पत्रा नाही. असता तरी दीड दिवसात काय होणार होतं?

"जाऊ द्या हो," वाकडोजी समजुतीनं म्हणाला आणि त्याची नजर नकळत सातव्या खिळ्याकडं गेली. सपाटरावांनी ती बघितली. खिळ्याचं त्यांना खरंच काही वाटत नव्हतं, आणि याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. त्यांच्या डोळ्यांपुढं ताई दिसत होती. फाटकाशी, दिवसाला दोनशे वेळा, त्रेपन्नाव्या वर्षी कंबरेला पीळ देऊन सूप ओतणारी ताई, आणि पलीकडं उभा राहून पावलं मोजणारा तो पुढचा माणूस.

घरी ते जेवले नाहीत. बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"सांगून टाका सरळ," ती म्हणाली.

"कसं सांगू? ताई, एक तांत्रिक बाब आहे..."

"तांत्रिक बाब नाही. ताई, मी चुकलो. म्हणा बघू."

"ताई, मी..." सपाटराव म्हणाले आणि अडकले. गेल्या कित्येक वर्षांत हे वाक्य तोंडातून निघालं नव्हतं, त्यामुळं त्याच्या बिजागऱ्या गंजल्या होत्या. बायकोनं झोपेपर्यंत चार वेळा म्हणवून घेतलं.

रविवारी सकाळी ताई गाडा बघायला कारखान्यात आली. बरोबर तिची जुनी रुंद तोंडाची किटली, पळी आणि सहा कप. सुट्टीचा दिवस, तरी वाकडोजी विसरलेली छत्री न्यायला आला होता. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. लेसरवाल्या बाई सहज आल्या होत्या. दोघंही कोपऱ्यात उभी राहून लांबून बघत होती.

"अगबाई!" ताईनं गाड्यावरून हात फिरवला. एकेक कड चाचपून बघितली. "छोट्या, कुठं बोचत नाही रे काही!" मग ती मागं गेली, किटलीत पाणी भरून शेगडीवर ठेवायला उजवीकडं वळली आणि पावाच्या कप्प्यापाशी थांबली.

"ताई," सपाटराव घाईघाईनं म्हणाले, "एक तांत्रिक बाब... नाही. मी चुकलो. सगळं उलटं झालंय. तुझा अंबाडा मला टोपी वाटला. तू गिऱ्हाईक झालीस आणि गिऱ्हाईक तू झालं. मी बावीस वर्षं जगाच्या चुका काढल्या आणि माझ्या सख्ख्या बहिणीचा गाडा... आता तुला उद्या..."

कोपऱ्यात लेसरवाल्या बाईंनी पदर तोंडात धरला. ताई मात्र हसली नाही. तिनं किटली डावीकडच्या शेगडीवर ठेवली, उजव्या हातात पळी घेतली आणि एकदा वाकडोजीसारखाच पीळ देऊन बघितला. कोपर काचेला लागलं. तिनं पळी खाली ठेवली आणि दाराकडं नजर टाकली.

"बाहेरचं कोणी येणार नाही ना इथं?"

"आज कोण येणार?"

ताईनं पळी डाव्या हातात घेतली. किटलीत बुडवली, कपात ओतली, कप खिडकीतून बाहेर. सगळं एका हेलकाव्यात. अंग हललं नाही, पाऊल हललं नाही. दुसरा कप. तिसरा. सहाही कप काचेबाहेर रांगेत उभे राहिले आणि पत्र्यावर थेंब नव्हता. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, या वेळी आणखी भरभर, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की वाकडोजीनं विनोद करायला उघडलेलं तोंड मिटलं.

"पण तू चित्र उजव्या हाताचं काढलंस," सपाटराव म्हणाले.

"मग? फाटकाशी उभं राहायचं, लोक बघणार. चारचौघांत डाव्या हातानं वाढायचं का?" ताई पळी पुसत म्हणाली. "उपाहारगृहात कसं, मागं कोणी नसलं की मी हात बदलून घ्यायचे. कामं कशी झपाझप व्हायची! पाऊल वाजलं की पुन्हा उजवा. एकोणीस वर्षं तेच. आणि वेडेपणा बघ, पाऊल वाजलं की अजून आधी हेच वाटतं, छोट्या आला."

ती हसत हसतच म्हणाली. घरातला किस्सा सांगताना हसायची तशी. सपाटरावांना मात्र हसू आलं नाही. गाड्याच्या एकतीस भागांत त्यांनी ताईचं बोट कुठं कापणार नाही याची काळजी घेतली होती, आणि ती बोटं त्यांना आज पहिल्यांदा दिसली. चारचौघांत रडायचं नाही हा नियम मोडून ते तिथंच उभे राहून रडले. त्यांना फार लाज वाटली आणि फार वाईट वाटलं.

"ताई, त्या गोळ्या..." ते कसेबसे म्हणाले.

"लिंबाच्या होत्या ना? सतरा!" ताई म्हणाली. "मेल्या, एक तरी द्यायचीस मला." आणि तिनं डाव्या हातानं त्यांच्या पाठीत सणसणीत धपका घातला. बेचाळीस वर्षं साठवलेला असावा, कारण सपाटराव दोन पावलं पुढं गेले.

सोमवारी आठ वाजता तपासनीस आला. त्यानं चाकं बघितली, कडांवरून बोट फिरवलं, कप्पे उघडले. पलीकडं तो पुढचा माणूस घड्याळ बघत उभा होता. ताईनं सूप ओतून कप पुढं केला.

"बाई, तुम्ही डावखुऱ्या?" तपासनिसानं विचारलं.

रांगेत पाच-सहा माणसं होती, सगळी बघत होती. ताईचा हात तेवढ्यापुरता थबकला. तिनं रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या सपाटरावांकडं बघितलं. सपाटराव चवड्यांवर उभे राहून तिला मान डोलावून दाखवत होते.

"हो, जन्माची," ती म्हणाली. "भावानं मुद्दाम तसाच करून दिलाय गाडा. पाव देऊ बरोबर?"

तपासनिसानं दोन पाव खाल्ले आणि सही करायची खरंच विसरला. सपाटरावांनी त्याला मागं धावत जाऊन गाठलं आणि त्याच्याच पाठीवर कागद ठेवून सही घेतली.

तिथून ते घरी वळले आणि पुन्हा टीव्हीवर मांडलेला कागदी गाडा घेऊनच कारखान्यात आले. सरळ मागच्या भिंतीपाशी गेले आणि सातव्या खिळ्यावर तो टांगला. सगळे गोळा झाले. वाकडोजी तर तावातावानं पुढं आला. इतकी वर्षं याच दिवसाची वाट बघितली होती, पण आता त्याला ते बघवेना.

"अहो, हे नियमात बसत नाही! पत्रा कुठं वाया गेला? गाडा तर फाटकाशी उभा आहे, आणि ताई खूश आहेत. काढा ते!"

"राहू दे," सपाटराव म्हणाले आणि खडू घेऊन तारीख घालू लागले.

वाकडोजीनं मान वाकडी करून वाचलं. "बघा, साल चुकलं! हे बेचाळीस वर्षांपूर्वीचं साल आहे. तेव्हा कुठला कारखाना आणि कुठला खिळा?"

"साल बरोबर आहे."

"म्हणजे? काय भानगड आहे?"

"कारणं सांगायची नाहीत. नियम आहे," सपाटराव म्हणाले. "चहा मागव सगळ्यांना. माझ्याकडून."

चहा आला. त्याबरोबर सपाटरावांनी खिशातून लिंबाच्या गोळ्यांची एक मोठी पुडी काढली आणि प्रत्येकाच्या तळहातावर एकेक गोळी ठेवली. मालकांनाही दिली. वाकडोजीनं दुसरी मागितली तेव्हा त्यांनी पुडी मागं घेतली, उरलेल्या गोळ्या टेबलावर ओतून मोजल्या आणि पुन्हा बांधून खिशात ठेवल्या. सतरा होत्या. संध्याकाळी फाटकाशी द्यायच्या होत्या.